तळाला गेलेलं नाणं

"हे नाणं बघा, साहेब," ताई म्हणाल्या. "हे तळाला असायला नको होतं."

इन्स्पेक्टरनं पेला खिडकीकडे धरला. साधा प्लास्टिकचा पेला. आत काठोकाठ बर्फ, आणि बर्फाखाली तळाला चिकटलेलं एक नाणं. हातातला चहा तसाच टाकून तो धावत आला होता, तो काय हे बघायला? चौकीवर निरोप आला होता तो चोरीचा.

"चोरीला काय गेलंय?"

"काहीच नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"कारण सगळंच गेलंय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीझरचं दार उघडलं.

कपाटाएवढा उंच फ्रीझर होता तो. थंडगार वाफ अंगावर आली. आत फळ्यांवर पुठ्ठ्याच्या पेट्या, पेट्यांत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, आणि नळ्यांत पेशंटांच्या रक्तातून वेगळं काढलेलं पिवळसर पाणी, गोठवलेलं. सगळं जिथल्या तिथे. इन्स्पेक्टरला तरी त्यात काही वावगं दिसेना.

"आमची साधी युक्ती आहे," ताई सांगू लागल्या. "पेल्यात पाणी गोठवायचं, वर नाणं ठेवायचं आणि पेला फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचा. मधेच फ्रीझर बंद पडला तर बर्फ वितळतो, नाणं बुडतं. पुन्हा सुरू झाला की पाणी गोठतं, पण नाणं काही वर येत नाही. सुट्टीवरून आलो की आम्ही आधी नाणं बघतो."

"म्हणजे सुट्टीत वीज गेली होती."

"वीज गेली असती तर शेजारच्या फ्रीझरमधलंही नाणं बुडलं असतं. ते जागच्या जागी आहे. हा कुणीतरी मुद्दाम बंद केला, धोक्याची घंटा दाबून ठेवली, सगळं वितळू दिलं आणि पुन्हा चालू केला. वर्षानुवर्षांचं काम, साहेब. आता यातली एक नळीही भरवशाची राहिली नाही."

ताई या संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या मुख्य तंत्रज्ञ. अंगावर पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, आवाजही तसाच बांधून ठेवलेला. रडून झालेल्या बाईचा आवाज इन्स्पेक्टरला ओळखू येत असे. या बाई अजून रडल्या नव्हत्या.

"कसलं काम चालतं इथे? मला समजेल असं सांगा. डॉक्टरी भाषेशी माझं वाकडं आहे."

ताईंनी स्वतःच्या कमरेवर, पाठीच्या बाजूला, दोन्ही हात ठेवले. "इथे मूत्रपिंडं. त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. एखादीत बारीकशी गाठ झाली की ती एक हार्मोन नको तितकं सोडत राहते. शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, बी.पी. चढतं, आणि गोळ्यांना दाद देत नाही. माणूस तरुण असतो, धडधाकट असतो, सगळे म्हणतात टेन्शन घेतोस. खरा चोर त्या ग्रंथीत बसलेला असतो."

"मग ग्रंथी काढून टाकायची."

"काढतोच. एक ग्रंथी गेली तरी दुसरीवर भागतं. पण काढायची कोणती? फोटोत बऱ्याचदा दोन्हींवर बारीक उंचवटे दिसतात. म्हणून मांडीतून केसासारखी नळी वर नेऊन दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळं रक्त काढतात. ज्या बाजूच्या रक्तात हार्मोन भरमसाट, ती ग्रंथी काढायची."

इन्स्पेक्टरनं मान हलवली. त्याच्या खिशातही बी.पी.च्या गोळ्यांची डबी होती. बायकोनं भरून दिलेली, आणि अर्थातच न उघडलेली.

"कुणावर संशय?"

"नाही." ताईंनी एका पेटीवर हात ठेवला. "ही माझ्या नवऱ्याची. त्याला हाच आजार होता. ऑपरेशन झालं, पण बी.पी. उतरलंच नाही. आजार दोन्ही बाजूंना आहे, नशीब, म्हणाले सगळे. मग एके दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला आणि गेला. कपडे मी वाटून टाकले, साहेब. पण ह्या नळ्या होत्या. रोज सकाळी नाणं बघायच्या निमित्तानं पेटीला हात लावून यायचे."

मग त्या सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मला नाव हवंय. ज्यानं हे केलं त्याचं नाव. ते कळल्यावर माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"मिळेल," इन्स्पेक्टर म्हणाला. असला शब्द देऊ नये हे त्याला नोकरीत चांगलंच कळलं होतं. तरी तोंडातून गेलाच.

दार उघडलं. उंच, वाकलेले, पिकल्या केसांचे एक गृहस्थ आत आले. केंद्राचे प्रमुख. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. हे केंद्र त्यांनीच उभं केलं होतं, कारण त्यांची बायको ऐन तारुण्यात याच आजारानं गेली होती आणि तेव्हा कुणाला निदानसुद्धा करता आलं नव्हतं.

"पोलिसांना कशाला बोलावलंस?" ते ताईंना म्हणाले. "अपघात आहे. बटणाला कुणाचा तरी धक्का लागला असेल. नाणं बुडलं म्हणजे नमुने बाद, नियमच आहे. सगळं आजच्या आज जाळायला पाठव."

"बाबा, निदान त्याची पेटी तरी..."

"सगळं म्हणजे सगळं!"

बाहेरून जाणारी झाडूवाली बाईसुद्धा थबकली. सर आवाज चढवतात हे तिथे कुणी पाहिलंच नव्हतं बहुतेक.

'बाबा' ऐकून इन्स्पेक्टरच्या भुवया वर गेल्या. ताईंनीच खुलासा केला. "हे माझे सासरे. गेला तो यांचा एकुलता एक मुलगा. घरात आता आम्ही दोघंच."

इन्स्पेक्टरचा पोलिसी खाक्या तरी सुटला नाही. "माझा तपास होईपर्यंत एक नळीही हलणार नाही," तो म्हणाला. "जाळायची घाई कशाला, सर?"

सर वळून निघून गेले.

*

पहारेकरी दारातल्या खुर्चीत बसला होता. पोलीस बघून उभा राहिला तो धडपडतच.

"सुट्टीत आत कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाही, साहेब. देवाशप्पथ."

"अगदी कोणी नाही?"

"सर्जनसाहेब एकदा आले होते. पाकीट विसरलं म्हणाले. गेले लगेच."

"आणि सर?"

"सर?" पहारेकऱ्याला हसू आलं. "सर काय रोजच येतात. सुट्टी असो नाहीतर काही असो. मुलगा गेल्यापासून तर घरी कमी आणि इथे जास्त. ते काय येणं झालं, साहेब?"

इन्स्पेक्टर तिथून थेट सर्जनच्या खोलीत गेला. सर्जन गोरा, तगडा, उतावळा माणूस होता. हात धुता धुताच बोलत होता.

"पाकीट सापडलं का?"

"सापडलं. टेबलाच्या खणात होतं. फ्रीझरच्या खोलीत मी जातच नाही. माझं काम ऑपरेशनचं."

"नाण्याची युक्ती ठाऊक आहे?"

"कसलं नाणं?"

इन्स्पेक्टरला त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसला नाही. पण चेहऱ्यांनी त्याला आजवर भरपूर फसवलं होतं.

"ताईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन तुम्हीच केलंत."

सर्जनचे हात नळाखाली थांबले. "केलं. त्याचं काय? डावी काढा म्हणून प्रयोगशाळेनं सांगितलं, मी डावी काढली. ऑपरेशन उत्तम झालं होतं. बी.पी. उतरलं नाही याला मी काय करू? लोकांना वाटतं मीच कुठेतरी माती खाल्ली. त्याच्या तेराव्याला तोंड दाखवायची चोरी झाली होती मला." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सरांच्या मनातूनही ते गेलेलं नाही. सुट्टी लागायच्या आधी माझ्याकडे आले होते. काढलेली ग्रंथी जपून ठेवतो आम्ही, तिचा पातळ काप लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती त्यांना. इतक्या वर्षांनी! बापाचं मन, म्हटलं, आणि दिली."

"काय दिसलं त्यांना?"

"काही बोलले नाहीत. बराच वेळ बघत बसले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझी काही चूक नव्हती बरं का. मला तर भडभडून आलं."

इन्स्पेक्टर जिना उतरताना दोनदा थांबला. सर्जनला नाण्याचं माहीत नव्हतं. मग पेला तसाच सोडणारा तोच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण धोक्याची घंटा गुपचूप दाबून ठेवायला तो फ्रीझर आतून-बाहेरून ओळखणारा माणूस हवा. आणि असा माणूस नाणं विसरेल? पेल्यातलं पाणी बदलून, पुन्हा गोठवून नाणं वर ठेवणं म्हणजे पोरखेळ. तेवढं केलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मग का नाही केलं?

*

परत आल्यावर त्यानं ताईंना नवऱ्याची पेटी उघडायला लावली. त्यांनी हातमोजे घातले, नळ्या हळूच बाहेर काढल्या. प्रत्येक नळीच्या झाकणावर पातळ चिकट पट्टी गुंडाळलेली.

"बाकीच्या पेट्यांतल्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात," इन्स्पेक्टर म्हणाला. "ह्या पांढऱ्या कशा?"

ताईंनी वाकून पाहिलं. "ह्या... ह्या मी लावलेल्या नाहीत. नळ्या उघडून कुणीतरी परत बंद केल्यात." त्यांनी नळी उजेडात धरली. "आतलंही कमी झालंय. थोडंसंच. तपासणीला लागतं तेवढं."

"तपासणी कोण करू शकतं?"

"नवीन मशीन आलंय, ते मी आणि सर, दोघंच चालवतो. सुट्टी संपली की सगळे जुने नमुने मीच त्यावर पुन्हा तपासायला घेणार होते. आजपासून."

"त्यातून नवीन काय कळणार?"

"पुष्कळ. उजव्या ग्रंथीची शीर आखूड असते, रक्त थेट ग्रंथीतून येतं, म्हणून तिची इतर हार्मोनही, गाठीशी संबंध नसलेली, त्यात दाट. डावीकडे वाटेत दुसरी शीर येऊन मिळते, तिथलं रक्त पातळ होतं. जवळपास सगळ्यांचं असंच. शेकड्यांनी नमुने जमल्यावर हे आमच्या लक्षात आलं, आधी ठाऊकच नव्हतं. आता उलटं काही दिसलं की मी एका नजरेत पकडते. सर म्हणतात, ताईच्या नजरेतून काही सुटत नाही."

इन्स्पेक्टरला कानशिलात ठोके जाणवू लागले. ताईंचं लक्ष गेलंच. "साहेब, तुमचा चेहरा लाल झालाय. बसा बरं. उजवा हात द्या."

त्या समोर बसल्या आणि न बघताच त्यांचा डावा हात पुढे गेला, त्याच्या उजव्या दंडाकडे. पट्टा आवळला गेला. सगळं आपोआप, विचार न करता.

"सवय," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं काम आमचं. रक्त काढणारे डॉक्टर नळ्या भरून स्टँडमध्ये खोचत जातात, पेशंटच्या उजव्या अंगाचं त्याच्या उजवीकडे, डाव्याचं डावीकडे. म्हणजे माझ्या डाव्या हाताला ते पेशंटचं उजवं. चिठ्ठ्या मी शेवटी लावते. हातच लावतात खरं तर, डोकं लागत नाही. लेकराचा भांग समोर बसून पाडतो ना, तसं. साहेब, बी.पी. फार आहे हो तुमचं. गोळ्या घेता ना?"

"घेतो," इन्स्पेक्टर धडधडीत खोटं बोलला. मग त्यानं विचारलं. "तुमच्या नवऱ्याच्या वेळीही तुम्हीच होता?"

ताई पहिल्यांदाच हसल्या. ते हसणं बघवत नव्हतं. "नात्यातल्या माणसानं त्या खोलीत थांबायचं नाही, असा नियम आहे. पण तो इतका घाबरला होता! एवढा मोठा गडी, म्हणे ती डोक्याशी असेल तरच मी टेबलावर झोपतो. शेवटी सरांनी नियम मोडला. नळ्यांचं टेबलसुद्धा त्यांनीच ढकलत डोक्याशी आणून लावलं, म्हणजे मला त्याचा हात सोडायला नको. पूर्ण वेळ एक हात त्याच्या हातात होता. मधेच मला म्हणतो, तुझा हात गार का गं एवढा, बी.पी. माझं आणि घाबरलीस तू."

पट्ट्यातली हवा सुस्कारा टाकत निघून गेली.

इन्स्पेक्टर उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला हे कळलं नसतं तर किती बरं झालं असतं.

*

सर खिडकीशी बसले होते. टेबलावर काहीच नव्हतं. इन्स्पेक्टरनं दार लोटून घेतलं आणि पेला त्यांच्यासमोर ठेवला. बर्फ एव्हाना सुटायला लागला होता.

"तुम्हीच केलंत."

"अपघात होता," सर म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

"सर, मी सांगतो, तुम्ही नुसतं ऐका. चुकलं तर थांबवा. फ्रीझर बंद करणारा माणूस घंटा ओळखत होता, म्हणजे नाणंही ओळखत होता. नाणं वर ठेवून त्याला सगळं झाकता आलं असतं. त्यानं झाकलं नाही. का? कारण मग ताई ते खराब नमुने खरे समजून तपासत बसल्या असत्या. चुकीचे आकडे बाहेर गेले असते, त्यावर विसंबून कुठेतरी कुणाच्या तरी पोटावर सुरी चालली असती. नमुने नासलेले चालतील, पण खोटं उत्तर बाहेर जाता कामा नये, असा विचार करणारा चोर माझ्या तरी बघण्यात नाही. असा इथे एकच माणूस आहे. आणि तो सुट्टीत रोज येत होता, पण त्याचं येणं कुणी धरतच नाही."



"मग प्रश्न राहिला, का. आयुष्यभराचं काम माणूस आपल्या हातानं का बुडवेल? त्याचं उत्तर त्या पांढऱ्या पट्ट्यांत होतं. एकाच पेटीतल्या नळ्या आधी उघडल्या होत्या, तुमच्या मुलाच्या. त्यात तुम्हाला उजवं पातळ आणि डावं दाट दिसलं. सगळ्यांच्या उलटं. मग तुम्ही सर्जनकडे जाऊन काढलेली ग्रंथी बघितली. त्यात गाठ नव्हतीच, बरोबर? ग्रंथी चांगली होती. आजारी ग्रंथी आतच राहिली, आणि तिनं त्याचा जीव घेतला. सर्जनला तुम्ही म्हणालात, तुझी चूक नव्हती. म्हणजे चूक कुणाची, ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"थांबा," सर म्हणाले.

"नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पायाशी उभं राहिलं की पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. डोक्याशी उभं राहिलं की..."

"थांबा हो!" म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग सरच बोलू लागले, बोटांच्या आडून.

"नवीन मशीन लावून बघायचं होतं. कुणाची तरी नळी घ्यायचीच होती. म्हटलं, पोराची घेऊ. तेवढीच भेट. बस्स, एवढंच मनात होतं हो माझ्या. आकडे आले आणि पायाखालची जमीनच गेली. सुट्टी संपली की ती हेच आकडे बघणार होती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

"नुसती ती पेटी नाहीशी करायची."

"रोज हात लावते ती त्या पेटीला. एकच पेटी गेली असती तर पहिला प्रश्न आला असता, हीच का? सगळं गेलं तर अपघात म्हणता आलं असतं. ती रडली असती, पण जगली असती. लेक गेला माझा, इन्स्पेक्टर. आता ही एकच उरली आहे. आपल्या हातानं नवरा गेला हे कळल्यावर ती जगेल?" त्यांनी टेबलावरून हात पुढे करून इन्स्पेक्टरची बाही धरली. "तिला नाव पाहिजे ना? माझं सांगा. कारणही मी सांगेन तेच सांगा. पाया पडतो तुमच्या."

इन्स्पेक्टरनं आजवर दरोडेखोरांच्या विनवण्या ऐकल्या होत्या, एकाला कधी बधला नव्हता. आता मात्र त्यानं मान हलवली. हो म्हणाला. कायद्याचं काय ते पुढचं पुढे.

तेवढ्यात दार वाजलं. ताईच होत्या. हातात त्याच्याच गोळ्यांची डबी. "तुमची डबी खिशातून खाली पडली होती, साहेब. एकही गोळी घेतलेली नाहीये यातली." मग त्यांनी दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"नाव मिळालं," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याला वर बघवेना.

"मी केलं, पोरी," सर घाईघाईनं म्हणाले. "फ्रीझर मी बंद केला. माझी चूक झाकायला. तुझ्या नवऱ्याच्या नळ्यांची मी अदलाबदल केली होती त्या दिवशी. चिठ्ठ्या लावताना. गेल्या आठवड्यात मला ते कळलं, आणि नाव खराब होईल म्हणून घाबरलो."

ताई तशाच उभ्या राहिल्या.

"अदलाबदल," त्या म्हणाल्या.

"हो. माझ्याकडून."

"चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, बाबा."

ताई सावकाश चालत टेबलाला वळसा घालून गेल्या, सरांच्या खुर्चीमागे, त्यांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी सासऱ्यांच्या खांद्यांवर ठेवले. उजवा हात उजव्या खांद्यावर आला. डावा डाव्यावर. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे हात असावेत तशा.

"इथून उजवं उजवीकडेच येतं," त्या म्हणाल्या. "मी तर डावीकडच्या नळ्यांना उजवं म्हणून चिठ्ठ्या लावल्या. रोजच्यासारख्या."

आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो इन्स्पेक्टरला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. मोठा नव्हता तो. सकाळपासून बांधून ठेवलेलं सगळं त्यात सुटलं होतं.

"टेबल डोक्याशी मी आणलं होतं," सर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "नियम मी मोडला. टेबल मी आणलं गं."

ताई सावरल्या तेव्हा त्यांची नजर पेल्यावर गेली. बर्फ वितळून गेला होता आणि नाणं पाण्याखाली स्वच्छ दिसत होतं.

"नाणं वर ठेवायला तुमचा हात धजला नाही," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याशी खोटं बोलायला निघालात?"

सरांनी मान खाली घातली.

"साहेब, लिहून घ्या. फ्रीझर यांनी बंद केला. चिठ्ठ्या मी चुकवल्या. दोन्ही लिहा. इथे हे पुन्हा कुणाच्या हातून होता कामा नये. खोटं उत्तर इथून बाहेर जायचं नाही, हे यांनीच शिकवलंय मला."

इन्स्पेक्टरनं पेन काढलं खरं, पण त्याला लिहवेना.

"पोरी," सर म्हणाले. मागे न बघता त्यांनी खांद्यावरच्या हातावर आपला हात ठेवला. "तू त्याचा हात सोडून पायाशी येऊन उभी राहिली असतीस, तर तो वाचला असता. कळतं मला. आकडे समोर आल्यापासून दुसरं काही सुचलेलं नाही. पण तू हात सोडायला हवा होतास, असं मला एकदाही वाटलं नाही. एकदाही नाही गं."

ताईंनी हात काढला नाही.